सात डिसेंबरचं कपाळ

तांडापेठेतल्या कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या आळीत लहानू पौनीकरच्या घरात दोन माग होते. एकावर लहानू बसायचा. दुसरा त्याच्या थोरल्या भावाचा, ईश्वरदासचा. ईश्वरदास फौजेत भरती झाला तेव्हापासून तो माग बंद होता, आणि पासष्टच्या लढाईत तो सियालकोटच्या बाजूला पडल्यावर त्या मागावर वाळत घातलेली लुगडी आणि लसणाच्या जुड्या दिसू लागल्या. माग मोडायचा, असं मात्र घरात कुणी कधी म्हटलं नाही.

ईश्वरदासची बायको अनुसया. उमरेडची, कोष्ट्याचीच लेक. सतराव्या वर्षी लग्न होऊन आली आणि एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. मधल्या काळात नवरा दोनदा सुटीवर घरी आला, तेवढाच त्यांचा संसार. मी समोरच्या घरात राहायला आले ती पुष्कळ पुढे, पण दुपारी रहाटावर सुताच्या कांड्या भरताना ती माझ्याशी बोलत बसायची. त्या बोलण्यातच मला ही सगळी हकीकत कळली, कधी पुढची आधी, कधी मागची नंतर.

"माणूस चांगला होता वं," ती एकदा ईश्वरदासबद्दल म्हणाली. "पण मले कळाले वेळच कुठी भेटला? कधी कधी त्याचं तोंड आठवत नाही. कानाजवळ एक तीळ होता, तेवढा आठवते."

तार आली ती आळीतल्या मास्तरांनी वाचून दाखवली. मग काही महिन्यांनी एक ट्रंक आली, तिच्यात त्याचे कपडे आणि दाढीचं सामान होतं. सासू रंभाबाईनं ती ट्रंक उघडली, एकेक कपडा हुंगला आणि पुन्हा घडी घालून ठेवला. रडणं, पडणं, उठणं सगळं तिचंच चाललं होतं. लहानू तेव्हा वीस वर्षांचा. तो आईला सावरत होता, आल्यागेल्याला पाणी देत होता. त्याला कुणी रडताना पाहिलं नाही.

त्याच साली डिसेंबरात गणपतराव हवालदार पहिल्यांदा आळीत आले. ईश्वरदासच्याच पलटणीतले. तोफेच्या आवाजानं एक कान कायमचा गेला आणि दुसऱ्यानं अर्धवट ऐकू यायचं, म्हणून त्यांना घरी पाठवलं होतं. प्रताप नगरकडे तेव्हा नवीन घरं होऊ लागली होती, तिथे ते राहायचे. शहरातल्या माजी सैनिकांना गोळा करून दर सात डिसेंबरला, ध्वजदिनी, सदर भागातल्या एका मैदानावर लढाईत पडलेल्यांना मानवंदना द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. सायकल भिंतीला लावून ते ओसरीवर उभे राहिले आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "वहिनी, आमच्या ईश्वरदासचं नाव घेतलं जाईन. तुमी याले पाहिजे."

अनुसया गेली. मैदानात लहानसा मांडव होता. पुढे लाकडी चौथऱ्यावर उलटी रोवलेली रायफल आणि तिच्यावर लोखंडी टोप. कोट घालून, छातीवर बिल्ले लावून आलेली साठ-सत्तर माणसं, त्यातली बरीच म्हातारी. बर्माची लढाई पाहून आलेले बाबनराव बिगुल वाजवायचे. त्यांचे दात गेले होते, सूर मध्येच फाटायचा, तरी दुसऱ्या कुणाला ते बिगुल हातात घेऊ देत नसत. एकेक नाव वाचलं जायचं, एकेक माजी सैनिक पुढे जाऊन फूल वाहायचा. बिगुल वाजला की सगळे ताठ उभे राहायचे. काठीवर आलेले म्हातारेही त्या दोन मिनिटांपुरती काठी खाली ठेवून उभे राहायचे.

अनुसयाला वर, मंचावर खुर्ची होती. कार्यक्रम संपल्यावर गणपतराव मंचावर चढले आणि सगळ्यांसमोर वाकून त्यांनी तिच्या पायावर डोकं ठेवलं. बापाच्या वयाचा माणूस. तिनं पाय मागे घेतले.

"राहू द्या वहिनी," गणपतराव म्हणाले. "हा नमस्कार तुमाले नाही. त्याले आहे."

पहिली दोन वर्षं अशी गेली. तिच्या मनाला त्यात काही टोचलं नाही. ती खरोखरच विधवा होती, आणि लोक खरोखरच तिच्या नवऱ्यासाठी रडत होते.

सदुसष्ट साली रंभाबाईनं ठरवलं की अनुसयाचा पाट लहानूशी लावायचा. कोष्ट्यांमध्ये विधवेचं दुसरं लग्न असं लागतं, गाजावाजा न करता, घरच्या घरी. "पोर घरातली आहे, घरातच राहीन," रंभाबाई म्हणाली. अनुसयाला कुणी विचारलं नाही, लहानूलाही नाही. पण दोघांनी नकोही म्हटलं नाही. सुरुवातीचे कित्येक महिने लहानू तिला चुकून वहिनीच म्हणायचा आणि मग जीभ चावून मागाकडे वळायचा. हळूहळू ते जमलं. लहानू अबोल, पण तिच्या हातची भाकरी चांगली झाली तर ती दुसऱ्यांदा मागून घ्यायचा, आणि आपल्या संसारात एवढं बोलणं पुरेसं आहे असं तिला वाटू लागलं.

मग सात डिसेंबर आला. गणपतरावांची सायकल आळीच्या तोंडाशी दिसली तशी रंभाबाई घाईनं आत आली. अनुसया चुलीपाशी होती. रंभाबाईनं पदराचं टोक ओलं केलं आणि तिच्या कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं.

"हे काय वं आत्याबाई?"

"चूप बस. पाट लागला हे कळलं तं माह्या पोराचं नाव कोण घेईन तिथं? म्हणतीन, बायकोच विसरली, आपण कायले ध्यान करावं? एक दिवसाचं काम आहे. जाऊन ये."

बांगड्याही उतरल्या. पेटीतलं पांढरं लुगडं निघालं. ओसरीवर गणपतराव चहा पीत बसले होते, आणि मागच्या दारानं लहानू निघून गेला. त्या दिवशी तो दिवेलागणीनंतर परत आला आणि न जेवताच झोपला.

त्यानंतर दर वर्षी असंच झालं. आळीत सगळ्यांना माहीत होतं. बायका तिला जाताना पाहून दारं लोटून घ्यायच्या, म्हणजे तिला कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागू नये. ती मंचावर बसायची, गणपतराव तिच्याबद्दल बोलायचे, "ही माउली त्याच्या आठवणीवर जिंदगी काढून राहिली," लोक डोळे पुसायचे, आणि शेवटी ते म्हातारं डोकं तिच्या पायाला लागायचं. आता ती पाय मागे घ्यायची नाही. मागे घेतले तर ते कारण विचारतील अशी तिला भीती वाटायची.

एकदा तर त्याहून वाईट झालं. अडुसष्टच्या अखेरीस प्रेमिला झाली, तेव्हा ताप आल्याचं सांगून त्या वर्षीचा कार्यक्रम चुकवला. पुढे प्रेमिला बोलू लागली. गणपतराव आमंत्रण घेऊन आले तेव्हा पोर "माय, माय" करत अनुसयाच्या मांडीवर चढली. गणपतराव कौतुकानं पाहत होते.

"कोणाची पोट्टी हे?"

 रंभाबाई मोठ्यानं म्हणाली, "लहानूची. हिले काकूचा लय लळा. हिलेच माय म्हणते."

गणपतराव हसले, त्यांनी पोरीच्या गालाला हात लावला. अनुसया गप्प राहिली. लहानू आत मागावर होता, त्याला ऐकू गेलंच असणार, कारण माग थांबला आणि बराच वेळ सुरू झाला नाही.

"पोटच्या पोरीले नाही म्हटलं मी," तिनं मला सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती.

सत्तर साली रंभाबाई गेली. आता कपाळ पुसायला लावणारं घरात कुणी उरलं नव्हतं. त्या डिसेंबरात सायकल वाजली तेव्हा अनुसया लहानूकडे पाहत राहिली. तो नको म्हणेल अशी तिला आशा होती. तो डोक्यावर दुपट्टा टाकून मागच्या दारानं निघून गेला. मग तिनं आपल्याच हातानं कुंकू पुसलं. त्या दिवशीपासून हा गुन्हा सासूचा राहिला नाही, ती म्हणाली, माहा झाला.

तिनं गणपतरावांना खरं सांगायचा विचार एकदा केला होता. पण त्या माणसाला काही हळू सांगायची सोय नव्हती. साधं "चहा घेता काय" हेसुद्धा ओरडून विचारावं लागायचं, आळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं. अशी गोष्ट ओरडून कशी सांगायची?

एकाहत्तरच्या डिसेंबरात पुन्हा लढाई झाली, त्या वर्षी कार्यक्रम झालाच नाही. पुढच्या वर्षीच्या ध्वजदिनाला मंचावर अनुसयाच्या शेजारी आणखी एक खुर्ची मांडली होती. त्या खुर्चीवर भिवापूरची पुष्पलता बसली होती. वीसेक वर्षांची, सावळी, तोंडावर अजून लहानपण. तिचा नवरा जाऊन एक वर्षही पुरतं झालेलं नव्हतं. बाप दादाजी तिला घेऊन आला होता, तो खाली पहिल्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसला होता.

गणपतराव बोलायला उभे राहिले. पुष्पलतेकडे वळून म्हणाले, "पोरी, तू एकटी नाही. आमच्या अनुसयावहिनीकडं पाह्य. तुह्याच वयाची होती. हिनं कसे दिवस काढले ते पाह्य आणि तसेच काढ."

सगळ्या मांडवानं अनुसयाकडे पाहिलं. पुष्पलतेनंही पाहिलं, आणि तिच्या डोळ्यात एवढा आदर होता की अनुसयानं मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं.

कार्यक्रमानंतर मांडवामागे चहा होता. पुष्पलता कप हातात घेऊन तिच्याजवळ आली.

"ताई, एक विचारू काय?"

"विचार नं."

"एकटीनं होते काय वं हे?" तिनं आवाज खाली आणला. "माह्या आत्याचा एक पोरगा आहे, आनंदराव. एस्टीत कंडक्टर आहे. तो मले करतो म्हणते. बाबाची ना नाही. मले बी..." ती थांबली, तिच्या कानशिलांवर लाली आली. "वाईट नाही तो. पण लोक म्हणतीन, नवऱ्याची राख थंडी नाही झाली. तुमी कसं काढलं इतके दिवस? तुमाले कोणी विचारलं नाही काय?"

 मांडवाच्या पलीकडे बाबनराव बिगुल पुसून पिशवीत ठेवत होते. लांबवर गणपतराव कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होते. तिनं फक्त एवढं म्हणायचं होतं, की बाई, मी बी केला आहे पाट, घरी माहे दोन पोरं वाट पाहून राहिले. जवळ कुणी नव्हतं. कुणाला ऐकू गेलं नसतं.

"होते," अनुसया म्हणाली.

एवढंच. पुष्पलतेनं मान डोलावली, तिच्या पायाला हात लावला आणि बापाकडे गेली.

होळी झाल्यावर एक दिवस गणपतराव इतवारीत बाजाराला आले होते, ते वाटेत आळीत डोकावले. अनुसयानं कपाळावर पदर ओढून घेतला. ते खुशीत होते.

"वहिनी, ते भिवापूरची पोरगी, पुष्पलता! तिचा बाप भेटला होता. तिनं सोयरीक मोडली म्हणते. बाप लय समजावून राहिला, पण ऐकते कुठी? म्हणाली, अनुसयाताईनं काढले ना, मी बी काढीन." त्यांचा आवाज भरून आला. "हे तुमचं पुण्य आहे, वहिनी."

ते गेल्यावर तिनं कपाळावरचा पदर मागे सारला. मग आत जाऊन मागाजवळ उभी राहिली. लहानूनं धोटा थांबवला. तिनं त्याला सगळं सांगितलं, चहाच्या कपापासून. लग्नाला सहा वर्षं होत आली होती, पण सात डिसेंबरबद्दल ती दोघं एकमेकांशी पहिल्यांदाच बोलत होती.

लहानू ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मंग सांगून यू."

"काय तोंडानं सांगू?"

"तोंड कोणतं आहे तुह्याजवळ? हेच आहे नं. याच तोंडानं सांग."

इतवारीहून नागभीडकडे जाणाऱ्या अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेगाडीनं ती दोघं भिवापूरला गेली. कडेवर वर्षाचा धाकटा, हाताशी प्रेमिला. अनुसयाच्या कपाळावर कुंकू होतं, हातभर हिरव्या बांगड्या होत्या. गावात अंगणाअंगणात मिरची वाळत पडली होती. तिच्या तिखट वासानं पोरं शिंकत होती.

पुष्पलता दारातच बसून मिरचीचे देठ खुडत होती. तिनं आधी ओळखलं नाही. ओळखल्यावर हसून उठली, आणि उठता उठता तिची नजर कपाळावर गेली.

"ताई?"

"हा माहा घरवाला," अनुसया म्हणाली. "लहानू. पहिल्या घरवाल्याचा भाऊ. हे माहे पोरं. सदुसष्ट साली पाट लागला माहा."

पुष्पलतेच्या हातातली मिरची तशीच राहिली. तिनं लहानूकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. प्रेमिला आईच्या लुगड्याला धरून उभी होती.

"मी विचारलं होतं नं तुमाले," ती हळूच म्हणाली.

"हाव."

"जवळ कोणी नव्हतं. मी हळू विचारलं होतं."

"हाव वं बाई."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"कशाची? पाट लावल्याची?"

 पाट लावल्याची लाज अनुसयाला कधी वाटलीच नव्हती. तिनं धाकट्याला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. दादाजी आतून आला, त्याला काय झालं ते हळूहळू कळलं, तो बाजेवर बसला. मग म्हणाला, "आनंदरावचं साक्षगंध झालं. मांगच्या हप्त्यात. पवनीची पोरगी आहे." कुणाला बोल लावल्यासारखं नाही, साखरपुड्याची नुसती खबर दिल्यासारखं.



निघतो म्हटलं तर दादाजीनं जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. पाहुणे आले आहेत, उपाशी कसे जातील. पुष्पलतेनंच ताटं वाढली. बेसन, भाकरी, वरून भिवापुरी मिरचीचा ठेचा. पोरांना तिनं दुधात भाकरी कुस्करून दिली, प्रेमिलाची वेणी सुटली होती ती घातली. एक शब्द वाकडा बोलली नाही. ती शिव्या देती, मारती तर बरं झालं असतं, अनुसया म्हणायची. ताटात टाकणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं भाकरीचा शेवटचा तुकडाही संपवला.

दारापर्यंत पोचवायला आल्यावर पुष्पलतेनं विचारलं, "येत्या ध्वजदिनाले तुमी तिथं वर बसान काय?"

त्र्याहत्तरचा सात डिसेंबर. त्या सकाळी अनुसयानं ठसठशीत कुंकू लावलं. गणपतराव या वर्षी स्वतः आले नव्हते, पाय दुखत होता, त्यांनी निरोप पाठवला होता. लहानूनं धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली. मागच्या दाराकडे तो गेला नाही.

मैदानाच्या फाटकाशीच गणपतराव उभे होते, एकेकाला हात जोडून आत सोडत होते. अनुसयाला पाहून त्यांनी हात जोडले आणि जोडलेले तसेच राहिले.

"वहिनी, हे कपाळाले काय? चुकून..."

"मी वर नाही बसत, गणपतराव."

"आँ?"

"वर नाही बसत मी! माहा पाट लागला आहे!"

"काय लागला?" त्यांनी बऱ्या कानामागे हात धरला.

"पाट!" ती ओरडली. फाटकाशी जमलेले सगळे वळले. आता थांबून चालण्यासारखं नव्हतं. "ईश्वरदासच्या भावासंग! हा लहानू! सदुसष्ट सालीच लागला! ते पोट्टी माहीच आहे, मलेच माय म्हणत होती!"

मागून कुणीतरी म्हणालं, "काय तमाशा लावला आहे इथं." दोघं-तिघं कुजबुजले. गणपतराव मात्र हलले नाहीत. बहिरा माणूस सहसा हळू बोलत नाही, पण त्यांचा आवाज त्या दिवशी अगदी खाली गेला.

"मी दर साली तुमच्या पायावर डोकं ठेवलं."

"हाव."

"तुमी ठेवू देलं."

"हाव."

ते तिच्याकडे पाहत राहिले. राग असता तर तिनं खाली पाहिलं असतं. पण ते लाजले होते. इतकी वर्षं सगळ्या सैनिकांसमोर आपण एक भलतीच गोष्ट सांगत आलो, याची लाज त्या म्हाताऱ्या तोंडावर दिसत होती, आणि ती तिनंच आणली होती. "खाली बसा," ते शेवटी म्हणाले आणि पुढच्या माणसाला हात जोडायला वळले.

ती दोघं शेवटच्या रांगेत बसली. मंचावर दोन खुर्च्या होत्या. एकीवर पुष्पलता, पांढऱ्या लुगड्यात. शेजारची खुर्ची रिकामी होती, ती कुणी उचलली नाही. नावं वाचायला सुरुवात झाली. गणपतराव कागद न पाहताच वाचायचे, त्यांना सगळी नावं पाठ होती. एका नावापाशी ते किंचित अडखळले.

"शिपाई ईश्वरदास पौनीकर."

लहानू उठून उभा राहिला. उभं राहायचं नसतं हे त्याला माहीत नव्हतं. तो या मांडवात पहिल्यांदाच आला होता. भावाचं नाव असं, इतक्या लोकांत, मोठ्यानं घेतलेलं त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. सगळे बसलेले आणि तो एकटा उभा, हातात टोपी. फूल वाहायला पुढे निघालेला माजी सैनिक थबकला.

बाबनराव बिगुल घेऊन चौथऱ्याशेजारी उभे होते. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"कोण आहे गा तू?"

"भाऊ," लहानू म्हणाला. "लहाना भाऊ आहो त्याचा."

"मंग मांग काहून उभा आहेस? समोर ये."

लहानू रांगांमधून पुढे गेला. बाबनरावांनी त्या सैनिकाच्या हातातलं फूल घेऊन याच्या हातात दिलं. लहानूनं ते रायफलीपाशी ठेवलं, आणि मग तिथंच गुडघ्यावर बसला. "दादा," तो म्हणाला. "दादा गा." त्याला हुंदका आला तो थांबेना. लोखंडी टोपाला त्यानं दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि पाठ लहान पोरासारखी हलत होती. गणपतराव पुढचं नाव वाचायचे थांबले. कुणी त्याला उठवलं नाही.

अनुसया मागे बसून पाहत होती. आठ वर्षांत तिला हे सुचलंच नव्हतं की त्याचा भाऊ गेला होता. तार आली तेव्हा तो पाणी देत होता. पुढे तो भावाच्या बायकोचा नवरा झाला, मग त्यानं कुणासमोर रडायचं? दर सात डिसेंबरला सगळं गाव त्याच्या भावासाठी रडायचं आणि त्याला मागच्या दारानं बाहेर जावं लागायचं. गणपतरावांना फसवल्याची, पुष्पलतेला फसवल्याची लाज तिला ठाऊक होती, ती घेऊनच ती आली होती. ही लाज नवीन होती, आणि ती सगळ्यांत जड गेली.

 दुसऱ्या दिवशी लहानूनं ईश्वरदासच्या मागावरचे कपडे आणि लसूण काढला, माग झाडला, पुसला. विणायला मात्र त्यावर कधी बसला नाही.

गणपतराव पुन्हा आळीत आले नाहीत. निमंत्रण बंद झालं. पण लहानू दर वर्षी स्वतःहून जायचा, फूल वाहायचा आणि परत यायचा. गणपतराव त्याला मान हलवून ओळख द्यायचे, अनुसयाशी बोलत नसत. ऐंशी साली ते वारले, तेव्हा ती त्यांच्या अंत्ययात्रेला गेली आणि बायकांच्या घोळक्याच्या मागे उभी राहिली. त्यांच्या सुनेनं तिला ओळखलं नाही. ते तिला बरं वाटलं.

पुष्पलतेनं पुन्हा लग्न केलं नाही. भिवापूरलाच बालवाडीत कामाला लागली. आनंदरावला पुढे तीन मुलं झाली, त्याची बदली चंद्रपूरकडे झाली, एवढंच कानावर आलं.

एकदा मात्र ती तांडापेठेत आली. भाचीच्या लग्नासाठी रेशमी काठाचं लुगडं हवं होतं, आणि ते लहानूच्याच मागावरचं हवं होतं. मी त्या दिवशी समोर होते. लहानूनं तिला काठाचे नमुने दाखवले, तिनं जांभळा पसंत केला. मग ती ओसरीवर टेकली, प्रेमिलानं चहा केला. तोवर मोठी झालेली प्रेमिला तिला फार आवडली. शाळेत कोणते विषय आहेत, पुढे काय शिकणार, सगळं विचारत बसली.

प्रेमिला आत गेल्यावर अनुसया म्हणाली, "पुष्पलता, त्या रोजी मांडवामांग तू विचारलं तवा..."

"राहू द्या ताई," पुष्पलता म्हणाली. आवाजात राग नव्हता. "ते बोलू नका."

ती उठली. गाडीची वेळ झाली होती. अनुसया तिच्याबरोबर इतवारी स्टेशनापर्यंत चालत गेली, पिशवी तिनंच घेतली होती. वाटेत दोघी मिरचीच्या भावाबद्दल बोलल्या, भाचीच्या सासरच्यांबद्दल बोलल्या. गाडी आल्यावर अनुसयानं पिशवी खिडकीतून आत दिली. माफ केलं असं पुष्पलता म्हणाली नाही. अनुसयानं माफी मागितलीही नाही. गाडी सुटली तेव्हा पुष्पलतेनं पदर सावरून हात वर केला, आणि अनुसया फलाटावर उभी राहिली, शेवटचा डबा उमरेडच्या बाजूला वळेपर्यंत.